आजीच्या डब्यातला रुपया चांदीचा का? १९३९ ते १९४५ ची नाणी घरी कशी तपासायची

आमच्या आजीचा एक पत्र्याचा डबा होता, लक्ष्मीपूजनाला तेवढा बाहेर यायचा. त्यात राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरियाचे तीन रुपये, राजा जॉर्जचे सात आणि मूठभर पावल्या, म्हणजे चार आण्यांची नाणी. आजी गेल्यावर काकाने तो डबा ओळखीच्या सराफाकडे नेला, त्याने राणी छाप बाजूला काढले आणि उरलेल्यातल्या पाच रुपयांना सरळ म्हणाला "यात भेसळ आहे, खोटे आहेत". काका तोंड पाडून घरी आला. गंमत म्हणजे ते पाचही रुपये अस्सल होते, सरकारी टांकसाळीतनं निघालेले. भेसळ होती हे खरं, पण ती भेसळ सरकारनेच केलेली.

युद्धकाळातल्या नाण्यांचा सगळा घोळ इथेच आहे. लोक अस्सल नाणं खोटं समजून मोडीत घालतात आणि चांदीचं निघालं म्हणून बनावट नाणं डोक्यावर घेऊन नाचतात. म्हणून नाणं हातात आलं की "चांदी आहे का" हा प्रश्न नंतर, आधी साल बघा. त्या सालाच्या नाण्यात काय धातू असायला हवा ते माहीत असेल तर निम्मं काम तिथेच झालं.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळा करू नका, पुढे उपयोगी पडणार आहे. जुना कलदार रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोब्बर एक तोळा, म्हणून तर आपल्याकडे "रुपयाभार" हे वजन झालं. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. राणीपासून सहाव्या जॉर्जच्या १९३८-३९ च्या रुपयापर्यंत हे प्रमाण कायम. मग युद्ध सुरू झालं, जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, आणि लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात केली. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ ठेवणं गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट काढली, आणि त्याच वर्षात पावली, अधेली (अर्धा रुपया) आणि शेवटी रुपया अशा क्रमाने चांदी निम्म्यावर आणली. नवीन मिश्रण ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. चार धातूंचं म्हणून इंग्रजीत त्याला क्वाटर्नरी म्हणतात, आपण आपलं अर्धी चांदी म्हणू. वजन आणि आकार तोच ठेवला. म्हणजे १९३८ च्या रुपयात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम आणि १९४४ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, वरून बघितलं तर दोघं सख्खे भाऊ.

मग जुने भारी, म्हणजे ९१.७ टक्के चांदीचे रुपये परत ओढायला सुरुवात केली. १९४१ मध्ये राणी छाप चलनातून बाद, १९४२ मध्ये एडवर्ड, १९४३ मध्ये पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे जुन्या चांदीचे. आपल्या आज्या-पणज्यांनी जे सरकारला परत दिले नाहीत ते आज आपल्या डब्यात. १९४६ ला तर चांदी संपलीच, पावली-अधेली शुद्ध निकेलची आली, १९४७ ला रुपयाही, मागे वाघ असलेला. ही वाघवाली नाणी लोहचुंबकाला चटकन चिकटतात. कोणी वाघवाला रुपया चांदीचा म्हणून विकत असेल तर खिशातनं चुंबक काढा आणि काही न बोलता फक्त दाखवा.

आता तपासणी. मला विचाराल तर पहिली कड. चेहरा सगळे बघतात, त्यामुळे खोटं करणाराही सगळी मेहनत चेहऱ्यावर घेतो आणि कडेला येऊन थकतो. १९३८-३९ च्या भारी रुपयाची कड साधी, उभ्या रेघांची. १९४० पासूनच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाला सरकारने मुद्दाम वेगळी कड दिली, खोटी पाडणाऱ्यांना वैताग यावा म्हणून. उभ्या रेघा आहेतच पण त्यांच्या मधोमध सगळीकडनं फिरणारा एक चर आहे आणि त्या चरात आणखी बारीक काम. संग्राहक तिला सिक्युरिटी एज म्हणतात. पावलीला ही कड उशिरा, १९४३ च्या सुमारास आली, त्यामुळे १९४२ ची पावली साध्या रेघांची दिसली तर घाबरू नका.

दहा पटीचं भिंग घ्या, सराफ वापरतात तसलं, आणि नाणं दोन बोटात धरून सावकाश फिरवा. साच्यात ओतून केलेल्या नाण्याला दोन अर्धे जोडल्याची शीव असते, ती कानशीने घासून काढलेली असते, त्यामुळे एखाद्या जागी रेघा अचानक सपाट झालेल्या किंवा तिरक्या गेलेल्या दिसतात. चराचं तर अजून सोपं, ओतकामात तो चर नीट उतरतच नाही, बुजलेला, लडबडलेला येतो. अस्सल नाणं घासून गुळगुळीत झालेलं असलं तरी चराच्या तळाशी बोट पोचत नाही, म्हणून तिथलं काम पुष्कळदा शाबूत सापडतं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आधी कळली असती तर दोन-तीन हजार वाचले असते.

कडेवर घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी डाग किंवा फुगवटा दिसला तर तो कडी लावल्याचा असू शकतो, आपल्याकडे रुपये गळ्यातल्या माळेत ओवायची पद्धत होती. असं नाणं अस्सलच असतं, फक्त संग्रहाच्या दृष्टीने किंमत पडते. विकणारा डाग काढून विकतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

दुसरं वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काही शे रुपयात मिळतो, भिंगानंतर पहिली खरेदी हीच करा, अल्बम-बिल्बम नंतर. रुपया ११.६६, अधेली ५.८३, पावली २.९२, आणि हे भारी आणि अर्धी दोन्ही चांदीला सारखंच लागू. वापरलेलं नाणं झिजतं, म्हणून ११.५ किंवा ११.४ आलं तरी चालेल, पण मग नाणं झिजलेलं दिसलंही पाहिजे. कडक, नवंकोरं दिसणारं नाणं आणि वजन ११.२, हे मला पटत नाही. आणि जास्त वजन तर कधीच पटत नाही, वापरून नाणं जाड होत नाही. कडी लावलेलं असेल तर डाकामुळे थोडं वर जाईल तेवढा अपवाद.

आता वजन बरोबर आलं पण धातू कुठला? इथे घनता काढायची, आणि हे वाटतं तेवढं अवघड नाहीये. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा, शिवणकामाचा चालतो, आणि नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि काठाला लागणार नाही असं लटकवून धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर नाण्याला बुडबुडे चिकटतात आणि आकडा चुकतो. हात थरथरत असेल तर डब्यावर पट्टी आडवी ठेवून दोरा तिला बांधा, मी तसंच करतो.

पूर्ण वजनाच्या भारी चांदीच्या रुपयाला आकडा १.१३ च्या आसपास येतो, घनता १०.३. अर्ध्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या आसपास, घनता साडेनऊ. तांबं-निकेलचं असेल तर १.३१ च्या पुढे आणि जर्मन सिल्व्हर असेल तर त्याहूनही पुढे, लक्षात ठेवा जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, नावातच फसवणूक. हे सगळं शिकल्यावर काकाचे ते पाच रुपये मी असेच लटकवले, पाचही १.२१ ते १.२३ मध्ये. साल १९४१ ते १९४५. भेसळीबाबत सराफाचं चुकलं नव्हतं, त्याला फक्त चांदीचा भाव कळतो, नाण्याचा कळत नाही.

दोन सावधगिऱ्या. पावली एकटी लटकवू नका, ती एवढीशी असते की काट्याच्या छोट्याशा चुकीनेही उत्तर भलतीकडे जातं. एकाच सालाच्या चार-पाच पावल्या एकत्र बांधा आणि सरासरी काढा, त्यात एखादी गडबड वाटली तर मग एकेक वेगळी काढून बघा. दुसरं म्हणजे शिसं. शिसं चांदीपेक्षा जड, कथील हलकं, दोन्ही मोजून मिसळले तर घनता नेमकी चांदीएवढी आणता येते. जुन्या काळच्या बनावट नाण्यांचा हा आवडता मसाला. पण शिशाला आवाज नाही.

म्हणून तिसरा आवाज. आपल्या भाषेत खणखणीत नाणं, नाणं वाजवून घेणं हे उगाच आलेलं नाही. फक्त सिनेमातल्यासारखं फरशीवर आपटू नका, कडेला ठोका बसला की किंमत गेली. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याने किंवा पेनाने हलकेच टिचकी मारा. भारी रुपया लांबपर्यंत घंटीसारखा वाजतो, अर्ध्या चांदीचा त्यापेक्षा कमी आणि जरा चिरका, शिशाचा थेट लाकडासारखा ठप्प. कान तयार व्हायला खात्रीचा एक १९३८ चा आणि एक १९४४-४५ चा रुपया जवळ ठेवा, दोन्ही सहज मिळतात, आणि त्यांच्याशी ताडून बघा. एक अपवाद, तडा गेलेलं अस्सल नाणंही ठप्प वाजतं.

चुंबकाबद्दल फार गैरसमज आहेत. चुंबकाला चिकटलं तर चांदी नाही, हे बरोबर. चिकटलं नाही म्हणजे चांदी आहे, हे साफ चूक, कारण पितळ, तांबं, शिसं, जर्मन सिल्व्हर काहीच चिकटत नाही. अर्ध्या चांदीच्या रुपयात ५ टक्के निकेल असतं तरी तोही चिकटत नाही. बर्फ ठेवून किती लवकर वितळतो हे बघायचे व्हिडिओ फिरतात, ते शुद्ध चांदीला बरे, अर्ध्या चांदीच्या नाण्यावर करून उगीच मनात शंका आणू नका. ॲसिडचा थेंब तर अजिबात नको. सराफाकडे कॅरेटमीटर असेल तर मशीनखाली ठेवायला सांगा, नाण्याला ओरखडाही येत नाही, पण ते मशीन वरवरचा थर वाचतं हे लक्षात असू द्या. टांकसाळीत अर्ध्या चांदीच्या चकत्या ॲसिडमध्ये धुवायचे, वरचं तांबं निघून जायचं आणि पृष्ठभागावर चांदी जास्त उरायची, त्यामुळे कोऱ्या नाण्यावर मशीन कधी पन्नासच्या वर दाखवतं. उलट झिजलेल्या नाण्यावर गालाच्या, मुकुटाच्या उंच भागावर पिवळट झाक दिसते, तिथे आतला खरा धातू वर आलेला असतो. ही पिवळट झाक बघून लोक "पॉलिश उडालं" म्हणतात. पॉलिश नाही हो, हीच त्याची ओळख.

आता १९३९ चा रुपया. ज्याच्यासाठी निम्मे लोक हा लेख वाचतायत त्याच्याकडे येतो.

हा भारी चांदीचा शेवटचा रुपया, मुंबई टांकसाळीचा, आणि बाजारात फारच थोडे आहेत. १९३९ ची अधेली किंवा पावली मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका, दुर्मिळ आहे तो रुपया. भाव एवढे असतात की खोटा बनवणाऱ्याला खऱ्या चांदीत, बरोबर वजनाचा बनवणंही परवडतं. म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा पास होऊनही हा रुपया खोटा असू शकतो. चांदी खरी असणं आणि नाणं खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी स्वतः जुन्या बाजारात एक घेतला होता, नाव-गाव सांगत नाही, विकणारा गरीब चेहऱ्याचा होता आणि "घरातला आहे दादा" म्हणाला. घासाघीस करून भाव पाडला आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली. वजन ११.६२, घनता बरोबर, आवाज खणखणीत. आठवड्याने भिंगाखाली नीट बघितला तेव्हा घाम फुटला. १९३८ च्या अस्सल रुपयाचा आठ खरवडून नऊ केलेला.

तेव्हापासून मी एकच युक्ती सगळ्यांना सांगतो. १९३९ या सालात नऊ दोनदा येतो. पहिला नऊ टांकसाळीचा आहे, शेवटचा संशयित आहे, दोघांना शेजारी ठेवून बघा. पोटाचा गोल, शेपटीचं वळण, जाडी, उंची, सगळं जुळलं पाहिजे. माझ्या रुपयाच्या शेवटच्या नऊची शेपटी आत जास्त वळलेली होती, कारण ती मुळात आठच्या खालच्या गोलाची होती. मग त्या आकड्याभोवतीची सपाट जागा बघा, टेबल लॅम्प आडवा धरून. धातू खरवडला असेल तर तिथे बारीक ओरखडे किंवा किंचित खळगा दिसतो, चमक आजूबाजूपेक्षा वेगळी असते. आकडा वरून चिकटवला असेल तर त्याच्या मुळाशी काळी रेघ दिसते. आणि कोणी १९४० चे शेवटचे दोन आकडे बदलून आणला तर कडेचा चर त्याला फितूर होतो, भारी रुपयाला तो चर नसतो. पूर्ण नव्या ठशाने पाडलेला असेल तर मात्र घरी ओळखणं कठीण. अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ, काठाजवळचे मणी एकसारखे नाहीत, पानाफुलांच्या वेलीतल्या शिरा गायब, एवढं दिसलं तर सोडून द्या. दिसलं नाही तरी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

टांकसाळीच्या खुणांवरूनही लोक गोंधळतात. मुंबईच्या नाण्यांना बारीक ठिपका किंवा पत्त्यातल्यासारखी चौकट, लाहोरला इंग्रजी एल, कलकत्त्याला काहीच नाही. लाहोरची टांकसाळ युद्धातच, १९४३ ला सुरू झाली, म्हणून १९४१ सालावर एल दिसला तर हसा आणि पुढे चला. राजाचा चेहराही वेगवेगळ्या ठशात थोडा लहान-मोठा, उठाव कमी-जास्त आहे, तेवढ्यावरून खोटं ठरवू नका.

बाकी किरकोळ नाणी पटकन सांगतो. १९४२ ते ४५ ची पिवळी चवली (दोन आणे), आणेली, अर्धा आणा, ही निकेल-पितळेची, निकेल युद्धाला लागत होतं म्हणून त्यात ते नावापुरतंच. ना सोनं ना चांदी. भोकाचा पैसा १९४३ ते ४७, कांस्याचा, लोक म्हणे वॉशर म्हणून वापरायचे. पहिल्या महायुद्धातही असंच झालं होतं, चांदी कमी पडली म्हणून चवली, पावली, अधेली तांबं-निकेलची काढली, त्यातल्या १९१९ च्या अधेलीच्या एवढ्या नकला निघाल्या की सरकारला ती मागे घ्यावी लागली. ती अधेली चांदीची नाही म्हणून फेकू नका. आणि तिची त्या काळची नक्कल मिळाली तर तीही जपा, जुन्या खोट्या नाण्यांचे शौकीन वेगळे असतात.

अर्ध्या चांदीचे रुपये एवढे मोठ्या संख्येने पाडूनही कोरे का कमी दिसतात, तर त्यामागे अमेरिका आहे. युद्धात भारताने अमेरिकेकडून सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी घेतली, परत करायच्या बोलीवर. १९५७ मध्ये ती फेडताना हीच नाणी गोळा करून आटवली. त्यामुळे १९४०-४५ चा कडक रुपया दिसला की मोडीच्या भावाशी तुलना करत बसू नका, थोडे जास्त द्या.

नाणं घरी आणलं की घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, काही नाही. काळपट थर हा नाण्याच्या वयाचा दाखला असतो, आणि बनावट नाण्यावर तोच आणायला लोक गंधक चोळतात, त्यामुळे खोलगट जागेत काळं आणि उंच भाग सारखा चकचकीत असं फार नाटकी दिसलं तर संशय घ्या. मातीच असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि टिपून घ्या. वास येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

परदेशातल्या भाच्याला डब्यातले रुपये पाठवायचे असतील तर एक कायदा बघा. आपल्याकडे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि देशाबाहेर नेता येत नाही. राणी छाप, एडवर्ड, पहिल्या महायुद्धातली सगळी त्यात आली. १९४४ चा रुपया अजून बसत नाही.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडे चार गोष्टी मागा, दोन्ही बाजूंचा फोटो, कडेचा फोटो, आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो ज्यात आकडा वाचता येतो. पहिले दोन लगेच येतात. कडेचा मागितला की बऱ्याच जणांचा मोबाइल त्याच दिवशी बिघडतो.